खालून कापता येते

पहिल्या तासाला मुल्लाणी सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला,
टोक खाली, पाया वर.
म्हणाले, ही बातमी. जड ते आधी,
मग हलकं हलकं उतरत जायचं,
म्हणजे जागा कमी पडली
तर खालून कापता येते.
मी वहीत काढला तेव्हा तो भोवऱ्यासारखा दिसला,
आरीवर उभा.

मग सहा क.
कोण काय कुठे केव्हा का कसे.
मागच्या बाकावरून धैर्यशील हिर्डेकर म्हणाला,
सर, कोल्हापुरात सातवा पण असतोय, 'कुणाचा?'
वर्ग हसला. सरही हसले,
फळ्यावर मात्र लिहिला नाही.

दिवाळीनंतर एका दैनिकात उमेदवारी मिळाली.
शाहूपुरी, दुसरा मजला, जिन्यात गुळाचा वास.
पहिलं काम: चित्रमाला टॉकीज बंद होतेय,
दीडशे शब्द, सातच्या आत.

तिच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
माझे वडील एकतीस वर्षं पोस्टर रंगवायचे.
गुरुवारची रात्र म्हणजे जागरण.
वीस फुटी नायिका, आमच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी.
लहानपणी मला वाटायचं, सिनेमा म्हणजे एक डोळा,
कारण शेडच्या दारातून एका वेळी तेवढंच मावायचं.
सर क्लोजअप शिकवत होते
तेव्हा मला टर्पेंटाईनचा वास येत होता.

लिहिलं. वर जड:
मालक, तारीख, आसनं सहाशे बारा,
शेवटचा खेळ रविवारी रात्री नऊ.
मध्ये डोअरकीपरचं एक वाक्य,
'अंधारात बॅटरीनं लोकांस्नी जागा दावली,
आता मला कोण दावतंय बघू.'
आणि सगळ्यात खाली दोन ओळी,
पोस्टर रंगवणारे ईश्वरा सुतार.
नातं लिहिलं नाही.
बातमीत 'मी' नसतो, हे पाठ होतं.

पावणेआठला जाहिरात विभागाचा माणूस आला.
पान तीन, तीन कॉलम, वीस सेंटिमीटर, रंगीत, रोख.
टॉकीजच्याच जागेवर बारा मजले.
'तुमच्या आयुष्याचा खरा हिरो, तुमचं घर.'
घोसरवाडे बाईंनी कर्सर तळाशी नेला
आणि वर वर सरकत आल्या.
वाईट वाटून घेऊ नकोस, म्हणाल्या,
जाहिराती बसवून उरते ती जागा आपली.
हे सरांनी दुसऱ्या सत्रासाठी ठेवलं होतं.

सकाळी वडिलांनी पान तीन गुडघ्यावर पसरलं.
आधी जाहिरात वाचली.
'ह्यो र बघ, घ ला खेटलाय.
कंप्युटरला अंतर कळत न्हाई.'
मग बातमी, बोट ठेवून.
शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं, तिथंच राहिलं.
'हितं आणि काय हुतं?'
काही नाही, म्हटलं.
'हुतं. वाक्य अजून हुबं हाय, बसल्यालं न्हाई.'

मी त्यांना त्रिकोण सांगितला, भोवऱ्यासकट.
ऐकता ऐकता त्यांनी नव्या फळीवर खडूची दोरी ताणली,
टिचकी मारली.
गंगावेशीतल्या एका दूधवाल्याचा बोर्ड होता.
'आमच्यात उलटं,' म्हणाले.
'आधी शेवटचं अक्षर मोजायचं.
त्येला जागा ठेवायची, मग पहिल्याला हात लावायचा.
न्हाईतर गिऱ्हाइकाचं आडनाव फळीभाईर जातंय,
आन् मग ते पैसं देताना आपल्याला बी भाईर काढतंय.'

पान तीन त्यांनी फाडलं नाही.
जाहिरातीवर निळा घासून बघितला,
थोडा पांढरा मिसळला, परत घासला.
सहाव्या मजल्यापर्यंत निळं झालं.
फळीवर अजून काहीच नव्हतं,
उजव्या कडेला फक्त
खडूचं पुसट 'कर'.